मशीनला काळा दोरा नाही

बंगळूरच्या चामराजपेटेत अजूनही सांगतात, की विठोजी शिंप्याने शेषगिरी मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी पोट आलं, मग बराच वेळ गेला आणि मग मास्तर आले. मास्तरांना शर्ट शिवायचा होता. विठोजीने टेपचं एक टोक मास्तरांच्या बेंबीपाशी धरलं, दुसरं हातात घेतलं आणि तो प्रदक्षिणेला निघाला. अर्ध्या वाटेत टेप संपली. शेजारच्या मशीनवरून दुसरी टेप मागवली, पहिलीला गाठ मारली, तरी पाठीच्या मागे थोडा प्रदेश मोजायचा राहिलाच. तेव्हा म्हणे समोर बी.टी.एस.ची बस थांबली आणि कंडक्टरने खाली उतरून टेपचं टोक धरलं. ही अतिशयोक्ती आहे. बस तिथे एरवीही थांबायची.

शर्ट झाला, पण घट्ट झाला.

"विठोजी, यात श्वास घेता येत नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर, लग्नाला जाताय ना? तिथे जेवायचं असतं. श्वास घरी येऊन घ्या."

मास्तर हसले आणि त्या हसण्याने वरची दोन बटणं तुटून रस्त्यात गेली. ती शोधताना दोघांची जी मैत्री झाली ती कायमची.

विठोजी बसायचा ती जागा म्हणजे रस्त्याकडेचा एक लांबट दगडी कट्टा. वर पत्रा, खाली मशीनं, आणि प्रत्येक मशीनमागे गळ्यात टेप घातलेला एकेक शिंपी. विठोजीचं मशीन त्याच्या वडिलांचं. ब्लाउज ही त्याची खासियत. ब्लाउज कधी मिळेल असं कुणी विचारलं की तो "उद्या" म्हणायचा, आणि हे उत्तर तो इतक्या प्रेमाने द्यायचा की बायका आठ-आठ दिवस ते ऐकायला येत. घर अगदी समोर, रस्ता ओलांडला की आळीत. घरातून बायकोने, भाग्यलक्ष्मीने, हाक मारली की त्याला कट्ट्यावर ऐकू यायची. ऐकू न आल्याचं दाखवण्याइतकाच रस्ता मधे होता. त्या कट्ट्यावाचून विठोजी कसा दिसेल याची कल्पना कुणालाच करता येत नव्हती, आणि विठोजीला तर मुळीच नाही.

शहाण्णव साली महानगरपालिकेची निवडणूक लागली. शहराचे वॉर्ड नव्याने आखले होते. आळीतल्या वॉर्डात एका बाजूने उभे राहिले फत्तेसिंगराव, नवनगर पक्ष, निशाणी छत्री. फत्तेसिंगरावांच्या मिशांचं वजन त्यांच्या मनगटापेक्षा जास्त होतं. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगळुरात आले. अर्थात आळीतल्या प्रत्येकाचेच पूर्वज शहाजीराजांबरोबर आले होते. त्या फौजेत लढायला किती आणि कपडे शिवायला किती होते हा हिशेब कुणी काढत नसे. फत्तेसिंगराव कट्ट्यावर आले, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मराठी माणूस मराठी माणसाला मत देणार. विचारायला नको."

"सरी अण्णा, बरोबर आहे," विठोजी म्हणाला. "पण तुमच्या पत्रकात काँप्लेक्स म्हणून काय लिहिलंय?"

"इथेच बांधणार! तीन मजली. हा कट्टा काढायचा. तुम्हा सगळ्यांना वर दुसऱ्या मजल्यावर जागा."

"दुसऱ्या मजल्यावर? अण्णा, ब्लाउजचा हूक तुटलेली बाई पदर धरून दोन जिने चढेल?"

"लिफ्ट देईन."

"वीज कोण देईल?"

फत्तेसिंगरावांनी मिशीला पीळ दिला, कट्ट्याच्या दगडावर छडी आपटली आणि ते गेले. ती छडी विठोजीला त्या दिवसभर ऐकू येत राहिली. मशीनचा पाय हलवावा आणि टक्, टक् असं तेच ऐकू यावं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वॉर्डाचे एक उमेदवार, निशाणी कंगवा, चुकून कट्ट्यावर मतं मागायला आले. बारीक, नम्र माणूस. विठोजीने त्यांना ताक पाजलं आणि सांगितलं, "अण्णा, आमची घरं समोरच्या आळीत. आमची मतं त्या वॉर्डात. तुमचा इथे वेळ फुकट." ते गृहस्थ "सरी, सरी" म्हणाले, जाताना वाकून कट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा स्वल्प पुढे आलाय ना रस्त्यात?" विठोजीने ते मनावर घेतलं नाही. त्याच्या डोक्यात छत्री होती.

छत्रीसमोर कुणाला उभं करायचं? विठोजी शेषगिरी मास्तरांकडे गेला. मास्तर कानडी, निवृत्त, आणि इतके सज्जन की बसमध्ये कंडक्टर आला नाही तर ते कंडक्टरकडे जायचे. पेठ हितरक्षण समिती नावाची एक संस्था त्यांनी वीस वर्षांपूर्वी काढली होती. तिची एकच सभा झाली होती आणि तीत चहा कुणी द्यायचा यावर फूट पडली होती. विठोजीने ती समिती झटकून उभी केली. निशाणी निवडायची वेळ आली तेव्हा मास्तरांना पुस्तक हवं होतं.

"पुस्तकाला मत कोण देईल मास्तर? शिलाई मशीन घ्या," विठोजी म्हणाला. "आमच्या आळीत घरागणिक मशीन आहे. रोज सकाळी उठून लोक तुमची निशाणी बघतील."

इथून विठोजी स्वतःच्या अकलेच्या प्रेमात पडला.

तो दसऱ्याचा महिना. बंगळुरात आयुधपूजेला रिक्षापासून रेल्वेच्या इंजिनापर्यंत सगळ्यांना झेंडू लागतो. आळीत मशीनला लागतो. मशीन पुसायचं, तेल घालायचं, हळदकुंकू लावायचं, लिंबू कापायचं. आणि आळीचा आणखी एक नेम: पूजा झाली की दिवाळीपर्यंत मशीनला काळा दोरा घालायचा नाही. काळे कोट शिवायला टाकणारे वकील त्या दिवसांत दुसरीकडे जात. हा नेम कुणी लावला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो मोडणाऱ्याकडे सगळी आळी कशी बघेल ते सगळ्यांना ठाऊक होतं. नेमाची राखण सोयराबाईंकडे. सोयराबाई विठोजीची थोरली बहीण. आवाज असा, की त्या देवळात आरतीला उभ्या राहिल्या की घंटा वाजवणारा थांबून जाई.

विठोजीने मशीनच्या चित्राचे कागद छापून घेतले आणि अक्काच्या हाती दिले. "अक्का, यंदा घरच्या मशीनबरोबर या चित्राचीही पूजा. घरोघरी. बायकांना सांग, मशीनला विसरायचं नाही. बाकीचं मी बघतो."

अक्काने आळी पिंजून काढली. प्रत्येक दारावर मशीनचं चित्र, चित्रावर कुंकू. फत्तेसिंगरावांची माणसं ते बघून हात आवरून परतली. कुंकू लावलेला कागद दारावरून फाडणार कोण? मास्तरांचे डोळे भरून आले. विठोजी तर त्या दिवसांत चालताना स्वतःलाच वाट करून देत होता.

मतदान दिवाळीच्या आधी आलं.

सकाळपासून विठोजी केंद्रापासून शंभर मीटरवर टेबल टाकून बसला होता. बायकांची पहिली तुकडी अक्काच्या मागोमाग नऊवारी-सहावारी नेसून, वेणीत शेवंती माळून केंद्रात गेली तेव्हा त्याने छत्रीच्या टेबलाकडे बघून घाम पुसल्यासारखं केलं. तिथल्या माणसांचे चेहरे उतरले होते. स्वयंपाक उरकून निघालेली दुसरी तुकडी रांगेत होती, भाग्यलक्ष्मी त्यात.

दुपारी अक्का टेबलापाशी आल्या.

"झालं का अक्का?"

"झालं. यथासांग."

मत देऊन आलेलं माणूस नुसतं 'झालं' म्हणतं. यथासांग लग्न होतं, सत्यनारायण होतो. विठोजी खुर्चीवरून उठला.

"म्हणजे काय केलंस?"

"मशीनला कुंकू लावलं. डबी नेलीच होती कमरेला."

"बरं. आणि शिक्का?"

"मारला की. छत्रीवर."

विठोजी उभा होता तो बसला. खुर्ची थोडी डावीकडे होती.

"छत्रीवर? अक्का, का?"

"मग काय तो काळा शिक्का मशीनवर मारू? दिवाळी झाली का अजून? दोरा चालत नाही तिथे सगळं ठसठशीत काळं?" अक्कांनी पदर खोचला. "तिथला साहेब म्हणाला, शिक्का मारल्याशिवाय कागद पेटीत टाकायचा नाही. मी म्हटलं, मारायचाच आहे तर त्या मिशीवाल्याच्या टाळक्यात हाणू. जोरात हाणला."

"अगं, जिथे शिक्का तिथे मत!"

"काहीतरीच सांगतोस. शिक्का पोस्टातपण मारतात. कुंकू लावलेलं दिसतंय ना धडधडीत? मोजणाऱ्यांना डोळे नाहीत?"

"तू एकटीनेच केलंस ना असं?"

"एकटीने कशी? सगळ्यांना सांगितलं रांगेत. डबीपण मीच फिरवली. मागून येणाऱ्यांकडे देऊन आले."

विठोजी धावला. गळ्यातली टेप मागे पताकेसारखी उडत होती. केंद्राच्या फाटकापाशी दुसरी तुकडी हळूहळू आत सरकत होती आणि कुंकवाची डबी एका हातातून दुसऱ्या हातात चालली होती. ओरडावं तर प्रचार होतो, समोर पोलीस. विठोजीने मग खुणा सुरू केल्या. डाव्या तळहातावर उजव्या मुठीने शिक्का मारला, मग रस्त्यात उभ्या उभ्या मशीनचे पाय मारून दाखवले. पुन्हा शिक्का, पुन्हा पाय. बायका बघत राहिल्या.

"विठोजी अण्णांना ऊन लागलं की काय?"

"नाचतायत. मास्तर निवडून आले वाटतं."

"ए टेलर, शंभर मीटर!" पोलीस आला.

"साहेब, मी मत मागत नाही. मी नुसता पाय हलवतोय."

"तो तिकडे जाऊन हलव."

पोलिसाने दंड धरला. विठोजीने मान वळवून भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं आणि शेवटचा एक शिक्का तळहातावर मारला. तिने त्याच्याकडे पाहिलं, चारचौघींत लाज आणल्यावर बायको बघते तसं पाहिलं, आणि ती पडद्यामागे गेली.

संध्याकाळी विठोजी जेवला नाही.

"तू शिक्का कुठे मारलास?"

"मतदान गुप्त असतं," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"अगं, मी नवरा आहे."

"पडद्यामागे नवरा नव्हता."

"हे बघ, कट्टा जाईल. वडिलांच्या मशीनला बसायला जागा राहणार नाही. अक्काचं ऐकलंस का तू?"

"अक्कांचं मी नेहमीच ऐकते."

आता हे खरं होतं. लग्न झाल्यापासून अक्का तिला सारात गूळ घाल म्हणून सांगत होत्या आणि ती प्रत्येक वेळी "हो अक्का" म्हणत होती. विठोजीने डोळे मिटून त्या घरातल्या सगळ्या साराची चव आठवून पाहिली. गूळ कधी लागला होता? लागला होता असं वाटे आणि नव्हता असंही वाटे. भुकेल्या माणसाच्या आठवणीचा भरवसा नसतो.

मतमोजणी एका शाळेच्या सभागृहात होती. टेबलाच्या एका बाजूला फत्तेसिंगराव, दुसऱ्या बाजूला मास्तर आणि त्यांचा प्रतिनिधी म्हणून विठोजी. मधे अधिकारी, नीलिमा मॅडम. त्यांच्या चष्म्याआड दया-माया दिसत नव्हती, पण खोटेपणाही दिसत नव्हता. विठोजीने मास्तरांना सगळं सांगितलं होतं. मास्तर त्यावर फक्त "असं का?" म्हणाले होते आणि त्यांनी पट्टा एक भोक सैल केला होता.

मतपत्रिका उलगडू लागल्या. थोड्याच वेळात एक लाल ठिपक्याची निघाली. कुंकू मशीनवर, शिक्काही मशीनवर.

"रद्द!" फत्तेसिंगराव उठले. "शिक्क्याशिवाय दुसरी खूण चालत नाही. मतदार ओळखू येतो."

विठोजी भांडायला उठणार तेवढ्यात दुसरी निघाली. कुंकू मशीनवर, शिक्का छत्रीवर, आणि शिक्का असा हाणलेला की कागद मागून फुगला होता. ही अक्काची, विठोजीने ओळखलं.

"हे रद्द!" विठोजी ओरडला.

"हे कसं रद्द?" फत्तेसिंगराव म्हणाले. "माउलीने भक्तिभावाने मत दिलंय."

"मग आधीचं?"

"आधीचं रद्द."

"बसा दोघेही," मॅडम म्हणाल्या. "कुंकवाच्या सगळ्या पत्रिका बाजूला, पालथ्या. शेवटी बघू. नियम सगळ्यांना एकच."

लाल ठिपके येत राहिले. एकेक पत्रिका उलगडायची, मॅडमना लाल दिसलं की ती पालथी व्हायची. शिक्का कुठे आहे ते दिसण्याआधीच हात फिरायचा. विठोजीने मान लांब केली, वाकडी केली, शेवटी टेबलाखाली जाऊन बघता येईल का याचाही विचार केला. गठ्ठा वाढत होता आणि आत काय आहे ते देवाला ठाऊक होतं.

बाकीची मोजणी संपली. मास्तर चार मतांनी पुढे होते.

चार मतं! गठ्ठा रद्द झाला की कट्टा वाचला. विठोजीला हे कळलं आणि फत्तेसिंगरावांनाही कळलं.

"मॅडम," फत्तेसिंगराव एकदम मऊ आवाजात म्हणाले, "माझा आक्षेप मी मागे घेतो. आमच्या मायबहिणींचं कुंकू आहे ते. मोजा."

मॅडम विठोजीकडे वळल्या. "कुंकू सगळ्या आळीने लावलंय, त्यामुळे कुणी एक ओळखू येत नाही, असं मला वाटतं. पण आक्षेप असेल तर विचार करावा लागेल. तुमचा आक्षेप आहे?"

'आहे' एवढं म्हणायचं होतं. विठोजीने तोंड उघडलंही. आणि त्याला दिसलं, की आपण घरी गेलो आहोत, भाग्यलक्ष्मी दारात उभी आहे, मागे अक्का आहेत, अक्कांच्या मागे सगळी आळी आहे, आणि आपण सांगतोय, तुमचं कुंकू मी रद्द करून आलो. कुंकू नवऱ्याच्या आयुष्यासाठी लावतात. आळीतल्या यच्चयावत सवाष्णींचं कुंकू एका नवऱ्यानेच उभं राहून रद्द करून घ्यायचं! कट्टा वाचेल, पण त्या कट्ट्यावर बसायला आपण किती दिवस राहू? त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "विठोजी, माप तू घेतलंयस. काप आता."

त्याला सार आठवलं. हो अक्का, हो अक्का, हो अक्का. आळीत किती सुना होत्या? सगळ्यांच्याच घरी कुणीतरी अक्का होती. आणि पडद्यामागे तर कुणीच नव्हतं.

"आक्षेप नाही," विठोजी म्हणाला.

मॅडमनी गठ्ठ्यातल्या पत्रिका वरून एकेक उलटायला घेतल्या. पहिली, छत्री. दुसरी, छत्री. तिसरी, छत्री. फत्तेसिंगरावांचा हात मिशीकडे गेला. चौथी, नुसतंच कुंकू, शिक्काच नाही, बाद. पाचवी, छत्री. विठोजीने डोळे मिटले. चार मतं तर तिथेच फिटली. आता टक्, टक्, ती छडी पुन्हा वाजू लागली. मग मॅडमचा आवाज आला, "मशीन." मग "मशीन." मग "छत्री." मग "मशीन, मशीन, मशीन." त्याने एक डोळा उघडला. दुसऱ्या तुकडीच्या पत्रिका आल्या होत्या. मशीनवर नाजूक कुंकवाचं बोट, आणि त्याच्या शेजारी, कुंकवाला अजिबात धक्का न लावता, नीट मारलेला शिक्का. सुनांनी अक्कांची डबी घेतली होती, "हो अक्का" म्हटलं होतं, आणि आत जाऊन आपल्याला हवं तेच केलं होतं. मधूनच एखादी छत्री निघे आणि विठोजीचा जीव वर जाई, की मशीन येऊन तो खाली आणी.

मास्तर अकरा मतांनी निवडून आले. ते विठोजीला मिठी मारायला गेले, पण हात पुरले नाहीत. मधे पोट होतं. फत्तेसिंगरावांनी फेरमोजणी मागितली, ती झाली, अकराच राहिले. संध्याकाळी हातगाडीवर विठोजीच्या वडिलांचं मशीन ठेवून आळीतून मिरवणूक निघाली. पुढे अक्का चालत होत्या. "मी म्हटलं नव्हतं, कुंकू दिसतं म्हणून?" असं त्या प्रत्येक दारात सांगत होत्या आणि आतून सुना म्हणत होत्या, "हो अक्का."

विठोजीने घरी येऊन भाग्यलक्ष्मीला पुन्हा विचारलं. तिने त्याच्या पानात सार वाढलं आणि म्हणाली, "जेव आधी."

नव्या आखणीत दोन वॉर्डांची हद्द रस्त्याच्या मधोमध जात होती. घरं एका वॉर्डात होती आणि कट्टा दुसऱ्यात. कंगवा निशाणीचे ते नम्र गृहस्थ तिकडून सहज निवडून आले होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी गटार रुंद करण्यासाठी कट्टा पाडला.